पाईच्या वाटेवरचा क्लेम

थायलंडमधल्या चिआंग मायहून पाईला जाणाऱ्या व्हॅनमध्ये दोन गोष्टी हमखास असतात. आरशाला टांगलेली ताज्या फुलांची माळ आणि सीटच्या मागच्या कप्प्यात खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. माळ देवासाठी, पिशव्या आपल्यासाठी. शहरातून निघालेला १०७ क्रमांकाचा रस्ता माए मालैपर्यंत सरळ आणि शहाणा आहे. तिथे डावीकडे १०९५ फुटतो आणि मग पाई येईपर्यंत ७६२ वळणं. हा आकडा पाईत टी-शर्टवर, मगवर, चुंबकावर छापून विकतात, त्यामुळे मोजायचा त्रास घ्यावा लागत नाही. हिने तरी मोजायला घेतली होती. थोड्याच वेळात तिने डोळे मिटून पिशवी हातात घेतली.

माझी उभी हयात साधारण विम्यात गेली, तीही मोटार क्लेमच्या टेबलावर. त्यामुळे घाट दिसला की लोकांना निसर्ग दिसतो आणि मला स्पॉट सर्व्हे दिसतो. कठड्याचा पत्रा कुठे नव्याने बसवलाय, डांबरावर ब्रेकचा काळा पट्टा कुठे सुरू होऊन कुठे संपलाय, वळणाच्या आतल्या कडेला वाळू साठलीय का, हे आपोआप दिसतं. सहलीला निघताना ही सवय घरी ठेवून यावी असं ही मला नेहमी सांगते. ते काही जमत नाही.

या घाटात एक गोष्ट मला पुष्कळ वेळ खटकत होती आणि काय खटकतंय ते लक्षात येत नव्हतं. मग उमगलं. हॉर्न नव्हता. समोरून पिकअप यायची, भाजीचा ट्रक यायचा, वीस-बावीस वर्षांच्या गोऱ्या पोरांच्या स्कूटर यायच्या, आणि कुणी म्हणून हॉर्न वाजवत नव्हतं. आपण घाटात निम्मी गाडी कानाने चालवतो. वरंध्यात किंवा आंबेनळीत आंधळ्या वळणावर हॉर्न दिला नाही तर समोरचा शिव्या घालतो, आणि त्या शिव्या रास्तच असतात. इथे वळणावर बहिर्गोल आरसे लावलेत, ते बघायचे, आपली बाजू धरायची आणि गप्प राहायचं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणून भारतीय माणूस इथे फार लवकर निर्धास्त होतो. युरोपातून आलेला निदान पहिला दिवस बिचकून चालवतो. आपल्याला वाटतं, हे तर आपलंच आहे. मग वळणावर समोरून आवाज आला नाही म्हणजे कोणी नाही असं कान सांगतो आणि आपण मधल्या रेषेवर जातो.

पाईला स्कूटर घेऊन जायचं की व्हॅनने, यावर घरी बरीच चर्चा झाली होती. माझा पहिला आग्रह व्हॅनचा होता, पण व्हॅन म्हणजे सुरक्षित असंही डोळे मिटून म्हणता येत नाही. २ जानेवारी २०१७ ला चोनबुरी प्रांतात एक प्रवासी व्हॅन दुभाजक ओलांडून समोरच्या पिकअपवर आदळली आणि २५ माणसं गेली. त्यानंतर तिथे व्हॅनवरचे नियम कडक झाले. आमच्या ड्रायव्हरने मात्र एकदाही घाई केली नाही, आणि निघायच्या आधी मागे वळून सगळ्यांचे पट्टे बघितले. पुण्यातून महाबळेश्वरला टॅक्सीने जाताना मला हा अनुभव कधी आलेला नाही.

चिआंग माय शहरात मात्र गाडी चालवायची गरजच पडत नाही, असं माझं मत झालं. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे आणि त्या खंदकाभोवती लाल सोंगथेव फिरत असतात. पिकअपच्या हौद्यावर छप्पर, आत समोरासमोर दोन बाकं. आपल्या वडापची शिकलेली बहीण म्हणा. हात केला की थांबते. ड्रायव्हरला ठिकाण सांगायचं. त्याच्या वाटेवर असेल तर तो मान हलवतो, नसेल तर सरळ निघून जातो. शहरात साधारण ३० बाट. बाट तेव्हा पावणेतीन रुपयांच्या आसपास होता. आपलं ठिकाण आलं की छताचं बटण दाबायचं, उतरायचं, ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन पैसे द्यायचे. बसायच्या आधी भाडं विचारलं नाही तर उतरताना ते वाढलेलं असू शकतं, एवढी एक काळजी घ्यावी. पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या सोंगथेव आसपासच्या गावांना जातात. शिवाय मोबाइलवर टॅक्सी बोलावता येते, तिचं भाडं आधीच कळतं.

लाल सोंगथेवनेच आम्ही दोई सुथेपच्या डोंगरावर गेलो. पायथ्याशी ख्रुबा सिविचाय या भिक्षूंचा पुतळा आहे. वर जाणारा रस्ता त्यांनी १९३४-३५ मध्ये सरकारी पैशाशिवाय, लोकांच्या अंगमेहनतीतून बांधून घेतला. तिथे फुलं आणि उदबत्त्यांची गर्दी असते. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचे हात क्षणभर जोडले आणि गाडी वर घातली. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकून पुढे जाणारे ट्रकवाले मी अनेक वर्षं पाहिलेत. घाटाचा देव सगळीकडे असतो, आणि बहुधा ज्याने वाट काढून दिली त्याच्याच नावाचा.

आता स्कूटरचं. खंदकाच्या आतल्या गल्ल्यांमध्ये दर चार दुकानांमागे एक भाड्याने स्कूटर देणारं असतं. साधी ११० किंवा १२५ सीसीची गाडी दिवसाला दोनशे-अडीचशे बाटला मिळते. आम्ही गेलो त्या दुकानातल्या बाईने मला परवाना विचारलाच नाही. पासपोर्ट मात्र मागितला, तोही मूळ, गाडी परत येईपर्यंत ठेवून घ्यायला. मी नाही म्हटलं. पासपोर्ट दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असला की ओरखड्याची किंमत तो ठरवतो. बाईला राग आला नाही. झेरॉक्स आणि ३००० बाट अनामत यावर तिने लगेच मान डोलावली, म्हणजे तो पर्याय तिच्याकडे होताच. मग मी गाडीभोवती फिरून मोबाइलवर सावकाश चित्रीकरण केलं. डाव्या आरशाचा तडा, सायलेन्सरच्या पत्र्यावरची घासट, पुढच्या टायरचं बूड. ती हसत उभी होती. तिची मुलगी आतून येऊन बघून गेली.

भाड्याच्या कागदावर ठळक अक्षरांत ‘इन्शुरन्स इन्क्लुडेड’ असं होतं. या दोन शब्दांवर विसंबून किती लोक निघतात देव जाणे. पुढच्या बाजूला चिकटवलेल्या कराच्या चौकोनी कागदावर २५६९ असं साल होतं, बौद्ध संवताचं, म्हणजे आपलं २०२६. कर भरलेला आहे, म्हणजे सक्तीचा विमाही आहे, कारण एकाशिवाय दुसरा होत नाही. हा सक्तीचा विमा १९९२ च्या कायद्याने आला. लोक त्याला ‘फॉ-रॉ-बॉ’ म्हणतात. चूक कोणाची हे न बघता जखमी माणसाच्या उपचाराला तो ३०,००० बाटपर्यंत लगेच देतो. चूक तुमची नाही असं ठरलं तर ८०,००० पर्यंत. मृत्यू झाला तर ५ लाख बाट. संपलं. गाडीची मोडतोड त्यात नाही, गाडी चोरीला गेली तरी नाही. ते सगळं भाडेकरूच्या डोक्यावर.

हे आकडे वाचून माझ्यातला क्लेमवाला अस्वस्थ झाला तो वेगळ्याच कारणाने. आपल्याकडे थर्ड पार्टीच्या विम्यात माणूस मेला किंवा जखमी झाला तर कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नसते. न्यायाधिकरण जे ठरवेल ते द्यावं लागतं. पन्नास लाखांचे, कोटीचे निवाडे मी पाहिलेत आणि ते भरतानाचे आमच्या मॅनेजरांचे चेहरेही पाहिलेत. इथे भाड्याच्या स्कूटरवर निघालेला परदेशी एखाद्या भाजीवाल्या बाईला उडवतो तेव्हा तिच्या घरच्यांना सक्तीच्या विम्यातून जास्तीत जास्त पाच लाख बाट, म्हणजे तेरा-चौदा लाख रुपये मिळतात. उरलेली भरपाई त्या परदेश्याने द्यायची, आणि तो तर पुढच्या आठवड्यात विमानात बसणार असतो. त्याच्या प्रवास विम्यात ‘वैयक्तिक उत्तरदायित्व’ नावाचं कलम असतं खरं, पण त्याच्याखाली बारीक अक्षरांत मोटार वाहन वगळलेलं असतं. पर्यटकांच्या सुरक्षेबद्दल जे काही लिहिलं जातं ते सगळं पर्यटकाला काय होईल याबद्दल असतं. पर्यटकामुळे कोणाला काय होईल, हे कोणी लिहीत नाही.

आणि मरणारे बहुतेक तिथलेच लोक असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या अहवालात थायलंडमध्ये दर लाख लोकांमागे ३२.७ जण रस्त्यावर मरतात असा अंदाज दिला होता, आग्नेय आशियात सर्वांत जास्त. २०२३ च्या अहवालात तो २५.४ पर्यंत खाली आला. मेलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी-तीनचाकीवरचे. इंग्रजी नववर्षाच्या आणि एप्रिलमधल्या सोंग्क्रानच्या आठवड्याला तिथे सरकारच ‘धोक्याचे सात दिवस’ म्हणतं आणि रोजचे मृत्यू जाहीर करतं. बँकॉकच्या रत्चदाफिसेक रस्त्यावरच्या एका वळणाला ‘शंभर मढ्यांचं वळण’ असं नाव पडलं होतं. तिथल्या झाडाखाली लोकांनी झेब्र्यांच्या मूर्ती वाहिल्या, लहान-मोठ्या, शेकड्यांनी. झेब्रा कशाला, तर झेब्रा क्रॉसिंगवरून माणूस सुखरूप पार होतो म्हणून. १०९५ वरही एका वळणाशी, छोट्या देवघराच्या पायाशी, मला सिमेंटचे तीन-चार झेब्रे दिसले. रंग उडालेले, एकाचा कान तुटलेला. पुढ्यात लाल सरबताची बाटली ठेवलेली, स्ट्रॉ लावून.

पुन्हा चिआंग मायच्या खंदकाकडे येतो, कारण तिथला एक प्रसंग सांगायचा राहिला. थंडीच्या मोसमात खंदकाच्या कडेला सकाळी पोलिसांची नाकाबंदी असते. थायी मुलं हेल्मेटशिवाय गेली तर त्यांनाही अडवतात, पण परदेशी दिसला की हात हमखास वर होतो. माझ्यापुढे दोन युरोपियन मुली आणि एक आपल्याकडचा तरुण होता. तिघांचीही पावती फाटली. कुणाकडे हेल्मेट होतं तर परवाना नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी राखाडी पुस्तिका काढली. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, बोलीभाषेत आयडीपी. संगम पुलाजवळच्या आरटीओतून काढलेला. ४ए क्रमांकाचा अर्ज, १००० रुपये फी, मुदत एक वर्ष. अर्ज ऑनलाइन करता येतो, तरी मी खिडकीवर जाऊन उभा राहिलो, कारण मला एक गोष्ट डोळ्यांनी बघायची होती. १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यात वाहनांचे ए ते ई असे वर्ग असतात, दुचाकी ‘ए’मध्ये आणि मोटार ‘बी’मध्ये. ज्या वर्गापुढे शिक्का नाही तो वर्ग तुम्हाला चालवता येत नाही. माझ्या पुस्तिकेत दोन्हींपुढे शिक्का पडला की नाही ते मी काउंटर सोडायच्या आधी पाहिलं. तो पोलीसही नेमकं तेवढंच बघत होता. त्याने शेवटचं पान उघडलं, अंगठा ‘ए’वर ठेवला, शिक्का दिसला तसा मिटून परत दिली आणि हेल्मेटकडे बोट दाखवून अंगठा वर केला. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले होते. त्यातल्या काही मंडळींशी माझी जुनी ओळख आहे. हा प्रसंग मी त्यांना सांगितलेला नाही.

आपला तरुण माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, “काका, तुमचं काय होतं ते?” माझ्या गळ्यातल्या पिशवीवर पुण्यातल्या एका सहकारी बँकेचं नाव होतं, तेवढ्यावरून त्याने ओळखलं. नाशिकचा पोरगा, बंगळुरात नोकरीला, मित्रांबरोबर आलेला. मी पुस्तिका दाखवली. “पण लायसन इंग्लिशमध्येच आहे ना माझं? आणि विदाउट गिअर नाही, गिअरचं आहे.” त्याच्या स्मार्ट कार्डावर खरोखरच ‘एमसीडब्ल्यूजी’ होतं. थायलंडमध्ये आसियान देशांचे परवाने चालतात, आपल्या परवान्याबरोबर आयडीपी लागतो, असं मी सांगितलं. दंडाची पावती घडी करून खिशात घालत तो म्हणाला, “आता ही पावती आहे की. आज परत धरणार नाहीत.” पोलिसांपुरतं त्याचं गणित बरोबर असेलही.

पाई हे गाव मुळात शेतीचं, शान लोकांचं. डोंगरांनी वेढलेल्या एका लहान खोऱ्यात नदीकाठी वसलेलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ब्रह्मदेशाकडे जायला या डोंगरांतून रस्ता काढायला घेतला, त्याची आठवण म्हणून गावाबाहेर लोखंडी पूल आहे. खरं तर तो पूल चिआंग मायच्या नवरत पुलाचे जुने भाग आणून नंतर बसवलेला. पर्यटक त्यावर फोटो काढतात. त्यांच्यातले बरेच जण पांढऱ्या पट्ट्या बांधलेले असतात. गुडघा, कोपर, हनुवटी. पोटरीवर सायलेन्सरने भाजल्याचा अंडाकृती डाग तर इतका सर्रास, की त्याला तिथे गोंदणाचंच नाव पडलंय. संध्याकाळच्या बाजाररस्त्यावर ही मंडळी लंगडत, हसत, मँगो स्टिकी राइस खात हिंडतात. मला मात्र एकेका पट्टीमागे भाड्याचं दुकान, अनामत आणि कुठल्या तरी देशातलं कॉल सेंटर दिसत होतं.

त्याच रस्त्यावर दुसऱ्या दिवशी नाशिकच्या मुलाचा मित्र मला शोधत आला. हे लोक व्हॅनने नव्हे, चिआंग मायहून स्कूटरनेच आले होते. पाईच्या अलीकडे उतारावर, वळणाच्या आतल्या बाजूच्या वाळूवरून नाशिकच्या पोराची गाडी घसरली. मनगट मोडलं होतं. गावातल्या सरकारी रुग्णालयात नीट, शांतपणे, मायेने पाहिलं त्यांनी. एक्स-रे काढला, जखमा धुतल्या, स्लॅब घातली आणि सांगितलं की प्लेट बसवावी लागेल, चिआंग मायला जा. फॉ-रॉ-बॉसाठी लागणारे कागद नर्सबाईंनीच पुढे केले. पासपोर्टची प्रत आणि गाडीच्या विम्याची प्रत. गाडीच्या सीटखाली ती होती, कारण भाड्याने देणाऱ्यांना हे रोजचंच आहे.

मग विमा कंपनीला फोन. प्रवास विमा त्याने घेतला होता, पन्नास हजार डॉलरचा, विमानाच्या तिकिटाबरोबर एक टिचकी मारून. फोन स्पीकरवर होता. पलीकडची मुलगी फार सभ्य होती. “सर, गाड़ी आप ख़ुद चला रहे थे? कितने सीसी की? हेलमेट था? ड्रिंक तो नहीं किया था?” प्रत्येक उत्तरानंतर कीबोर्डचा आवाज. शेवटी, “वैलिड लाइसेंस ऐंड आयडीपी की कॉपी भेज दीजिए, सर.” पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला खुणेने सांगितलं, जे आहे ते खरं सांग. थोड्या वेळाने उलट फोन आला: कॅशलेस होणार नाही, आधी स्वतः भरा, भारतात आल्यावर कागद पाठवा, मग बघू. ‘मग बघू’ या शब्दांमागे काय असतं ते मला तरी ठाऊक होतं.

नाशिकहून वडिलांचा फोन आला. घाबरलेला आवाज. “साहेब, आमच्या गाडीची फुल पॉलिसी आहे, त्यातून काही?” मी त्यांना समजावलं की आपल्या मोटार पॉलिसीची हद्द भारतापुरती. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत वाढवता येते. त्या यादीत थायलंड नाही, आणि पोराखालची गाडी त्यांची नव्हतीच. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हात वाकडा नाही ना राहणार?” खरा प्रश्न तोच होता. चिआंग मायच्या एका खासगी रुग्णालयात दीड लाख बाटच्या घरात खर्च आला. अनामत भरल्याशिवाय त्यांनी ऑपरेशनची वेळ दिली नाही. तीन मित्रांनी कार्डं जुळवून ती भरली. हात वाकडा राहिला नाही.

बाकी सुरक्षिततेबद्दल लोक मला विचारतात तेव्हा चोऱ्यामाऱ्यांची अपेक्षा असते. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ही रात्री साडेदहाला एकटी कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणायला जायची आणि परत येऊन म्हणायची, इथे कोणी बघतसुद्धा नाही. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजीत बोलतात, रुग्णवाहिका १६६९. बँकॉकात राजवाड्याबाहेर कुणी गोड माणूस ‘आज बंद आहे’ म्हणाला तर राजवाडा उघडाच असतो, आणि त्याची टुकटुक तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेणार असते. फुकेतला पावसाळ्यात लाल झेंडा लागला की पाण्यात उतरू नये. ५ जुलै २०१८ ला तिथेच वादळात ‘फीनिक्स’ ही बोट बुडून ४७ चिनी पर्यटक गेले. ती सहलही सुट्टीतलीच होती. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तरेला शेतं आणि जंगलं पेटवल्याचा धूर साठतो, दमेकऱ्यांनी तेव्हा जाऊच नये.

भारतीयाला असलेला मोठा धोका मात्र गोऱ्या पर्यटकांच्या माहितीपुस्तकात नसतो. चिआंग मायच्या नैर्ऋत्येला ताक प्रांतात माए सोत हे सीमेवरचं गाव आहे. मोई नदीपलीकडे म्यानमारचं म्यावड्डी. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून बोलावलेली आपली पोरं याच वाटेने पलीकडच्या सायबर फसवणुकीच्या वसाहतींत नेली गेली, पासपोर्ट काढून घेतले गेले, मारहाण झाली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून ५४९ भारतीयांना परत आणलं. पाईच्या आमच्या गेस्ट हाउसमध्ये एक केरळी मुलगा होता, त्याला टेलिग्रामवर असाच एक निरोप आलेला. पगार डॉलरमध्ये, विमानतळावरून गाडीची सोय, मुलाखत नाही. तो हसण्यावारी नेत होता. हिने त्याच्याकडून तो निरोप तिथल्या तिथे काढून टाकवला आणि त्याच्या आईला फोन लावायला लावला. त्यापुढे माझं विम्याचं ज्ञान म्हणजे काहीच नव्हतं.

परतीला आम्ही पुन्हा व्हॅनने आलो. स्कूटर मी पाईतही घेतली होती, ती खोऱ्यातल्या सपाट रस्त्यांपुरती, भातशेतांतून गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत. ते मात्र सुख होतं, ते नाकारत नाही. ताशी तीसच्या वेगाने, डाव्या कडेने, हिची पाठीमागून चाललेली टिप्पणी ऐकत. आमच्याकडून कोणी शिकावं इतके सावकाश आम्ही गेलो. बदकांनी ओव्हरटेक केलं नाही एवढंच.

दोन-अडीच महिन्यांनी नाशिकच्या मुलाचा फोन आला. क्लेम नामंजूर. पत्र त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलं. भाषा ओळखीची होती. अशी पत्रं मी स्वतः लिहिलीत. त्या देशात ग्राह्य असलेल्या परवान्याशिवाय वाहन चालवताना झालेली इजा, अमुक अपवाद, खेद आहे. मी त्या खुर्चीत असतो तर वेगळं लिहिलं असतं का? नसतं. तरी मी त्याला म्हटलं, तक्रार कर. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नाशिकला पुण्याचेच लोकपाल लागतात, नारायण पेठेत, ‘जीवन दर्शन’ इमारतीत. फी नाही, वकील चालत नाही, कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाची मुदत.

मसुदा मी लिहून दिला. अपघात वाळूमुळे झाला, परवाना नसल्यामुळे नव्हे. त्याच वर्गाचा वैध भारतीय परवाना होता, हेल्मेट होतं, दारू नव्हती, हे रुग्णालयाच्या नोंदीतच आहे. चुकलं ते एक पुस्तिका न काढण्याचं. मोटार क्लेममध्ये अशा त्रुटीवर ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणून ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची वहिवाट आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहूच्या निकालात ती उचलून धरली. प्रवास विम्याला ती लावता येईल असं कुठे लिहिलेलं नाही, पण लावू नये असंही नाही. मी दोन्ही वाक्यं घातली, पहिलं जरा लहान अक्षरात.

ही मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, “अहो, तुम्ही नोकरीत असताना असा अर्ज टेबलावर आला असता तर?”

“आयडीपी नाही, एवढा शेरा मारून वर पाठवला असता.”

“मग आता साहेबांचं नाव खाली घालू नका,” ती म्हणाली, आणि त्या मुलाला मसुदा धाडायला फोन माझ्या हातात दिला.